बाबांच्या घरातला सवयवेधी

खाऱ्या हवेत उपकरणं किती टिकतात ते तपासणाऱ्या लवणधुक्याच्या कक्षाचं दार उघडलं, तसा ओला, खारट वास प्रयोगशाळेत पसरला. आतली बहुतेक कुलपं, धूरसूचक, वायुसूचक गंजून गेले होते. किनाऱ्यावरच्या वादळी गावांतल्या घरांत कोणती सुरक्षा-उपकरणं बसवायची, ते आज मृदुला बापटला ठरवायचं होतं. एकच उपकरण लख्ख राहिलं होतं. तिच्या वडिलांनी घडवलेला सवयवेधी.

"हा बाद कर," ती म्हणाली.

हर्षल तांडेल चमकला. तो बापटसरांचा शेवटचा विद्यार्थी. "ताई, सरांची हयात गेली यात! आणि कक्षात टिकलाय की."

"कक्षात टिकला. खऱ्या हवेत मेलाय. बाबांचे दिवस रत्नागिरीत झाले, मग मी त्यांचं पूर्णगडचं घर उघडलं. एकटी राहतेय तिथे. तिथे त्यांनी लावलेला सवयवेधी एकदाही वाजला नाही."

सवयवेधी चेहरा पाहत नाही. जमिनीच्या कंपनांवरून घरातल्या माणसाची चाल, उठबस, भांड्यांचा आवाज शिकतो. माणूस घरात नसला तर नुसती वाट पाहतो. परकं पाऊल पडलं की बोंब ठोकतो.

"म्हणजे तुम्ही आत शिरताक्षणीच वाजायला हवा होता," हर्षल पुटपुटला.

"तेच म्हणते मी. वडिलांचा म्हणून बिघडलेली वस्तू लोकांच्या गळ्यात मारू?"

"एकदा बघू तर द्या. लावलाय कुठे?"

"मागच्या पडवीत. चाचणीला खारी हवा कमी पडेल म्हणून बाबा शेजारी सुके बोंबील टांगायचे. आई त्या दिवशी जेवायची नाही."

"आमच्याच घरचे असायचे ते," हर्षल हसला. कितीतरी दिवसांनी मृदुलाही हसली.

पूर्णगडला तिनं कुलूप काढलं, आत जाऊन चहा ठेवला. घर गप्प.

"बघितलंस?"

हर्षलनं चपला काढून उंबरठा ओलांडला मात्र, सारं घर किंचाळायला लागलं. पोफळीवरचे कावळे उडाले. त्यानं धावत जाऊन आवाज बंद केला.

"जिवंत आहे!" तो ओरडला. मग तिच्याकडे पाहत राहिला. "ताई, तुम्ही डावी टाच उशिरा टेकवता. सरांसारखी. आत्ता चमचासुद्धा भांड्याच्या काठावर त्यांच्यासारखाच आपटलात."

मृदुलाची नजर आपल्या टाचेकडे गेली. लहानपणी धक्क्यावर जाताना ती ओल्या वाळूत बाबांच्या पावलांत पावलं टाकत चालायची. मागे न बघता ते म्हणायचे, "मोडू नकोस गं, परत येताना लागतील."

ती म्हणाली, "हा यादीत घे. आणि रक्ताच्या माणसाला हा परकं मानत नाही, हा दोषही लिही."

"लिहितो. इथली सरांची ओळख पुसून तुमची शिकवू?" हर्षलनं त्यासाठी सवयवेधीच्या पडद्यावर नोंदी उघडल्या. तिनं घर उघडलं त्या दिवसाची नोंद समोर आली: 'रहिवासी परत आले. घर सुरक्षित.'

"राहू दे," मृदुला म्हणाली.