नव्या त्वचेवर झेंडूचा रस

"अहो, उठा! त्वचेवर बसलात!"

ज्ञानेश दचकून उठला. हॉस्पिटलच्या बाकावर जागा नव्हती, म्हणून तो भिंतीजवळच्या थंड डब्यावर टेकला होता.

"कोणाची त्वचा?"

"कोणाचीच नाही. आम्ही प्रयोगशाळेत केलेली." संशोधक मंजुषाने डबा उचलला. "जखमेवर बसवली की तिच्यातले वाढीचे घटक आजूबाजूच्या पेशींना हाका मारतात... या, इकडे वाढा."

"कुणाला लावणार?"

"मखमलाबादचे एक झेंडूवाले आहेत. गाडीच्या गरम रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेणारे शहाणे."

त्याने बँडेजमधला हात वर केला. "शहाणा हजर आहे, मॅडम."

मग दर मंगळवारी तो तपासणीला येऊ लागला. या त्वचेच्या चाचणीत बारा जण होते. अकरा जणांच्या जखमेचा मंजुषा एकेक फोटो घ्यायची, याच्या हाताचे तीन. शास्त्रात या जादा दोन फोटोंना कारण लागतं. तिच्याकडे ते नव्हतं. खिडकीबाहेर भुरभुर पाऊस, खोलीत झेंडूचा उग्र गंध, आणि त्या हातावर पहाटेसारखी उमलणारी गुलाबी कड... ती बघतच राहायची.

"जखम बघताय ना?" तो विचारायचा.

"गप्प बसा. हात हलतो."

पाचव्या मंगळवारी मात्र तो आला तोच मान खाली घालून.

"मॅडम... आई पट्टी सोडून झेंडूच्या पाल्याचा रस लावते. रोज. आमच्यात विळा लागला की तोच पिळतात. म्हणाली, ह्या पापुद्र्यानं काय व्हतंय? मी अडवलं नाही."

मंजुषा खुर्चीत बसली. बारा जणांतली सर्वांत छान भरलेली जखम! पुढच्या महिन्यात तिच्याच जोरावर ती मोठ्या चाचणीची परवानगी मागणार होती. आता श्रेय त्वचेचं की पाल्याचं, कोण सांगणार?

"बोललाच नसतात, तर मला कळलंही नसतं."

"तुम्ही म्हणालात ना, हे बघून पुढे कितीतरी भाजलेल्यांना लावणार... माझ्या हातावर विसंबून नको."

तिने कागद ओढला. 'सहभाग रद्द' लिहिताना अक्षर जरा वाकडं आलं.

"म्हणजे माझे मंगळवार संपले?" त्याने हळूच विचारलं.

"पट्टी वरच्या मजल्यावरचे डॉक्टर बघतील. माझे पेशंट तुम्ही आता नाही."

मग मंजुषाने हातमोजे काढले. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच.

"डोळे मिटा. इथे कळतंय?"

"नाही."

"इथे?" तिचं बोट नव्या त्वचेच्या मधोमध थांबलं.

"हो... कळतंय."

"खोटं! तिथे संवेदना यायला अजून काही महिने लागतील."

"मग महिनोन्‌महिने विचारत राहा की," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मला घाई नाही."

मंजुषाने बोट उचललं नाही.

"मलाही नाही," ती म्हणाली.