दुसरी खाच

स्टँड दुसऱ्याचा आहे, हे कुसुमला ढळढळीत दिसत होतं. तरी तिनं आपली दुर्बीण त्याच्यावर ठेवलीच!

आता तिची तरी काय चूक? छप्पन सालच्या सप्टेंबरातली रविवारची सकाळ. तापीचं गढूळ पाणी जरा कुठं निवळू लागलेलं. राजघाटाच्या पायऱ्यांवर तीन सागवानी पायांचा तो स्टँड एकटाच उभा — ना वर कॅमेरा, ना शेजारी मालक. आणि समोर नदीतल्या खडकावर लांब, चपट्या चोचीचा एक पांढराशुभ्र पक्षी. वडिलांची ती पितळी दुर्बीण नुसती हातात धरली की पक्षी कमी आणि भूकंप जास्त दिसायचा. इथं मात्र तिनं नळी स्टँडच्या फळीवर टेकवली, डोळा लावला, आणि... सगळं एकदम थांबलं. चोचीच्या टोकाचा चमचासुद्धा दिसला!

"अगंबाई!" ती स्वतःशीच म्हणाली.

"दिसतंय का बराबर?" मागून कुणीतरी विचारलं.

ती अशी दचकली की दुर्बीण हातातून सुटता सुटता राहिली. मागे एक उंच माणूस उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात ओले, काखेत कॅमेऱ्याची पेटी.

"माफ करा हं. मी... विचारायला हवं होतं."

"कुणाला विचारणार? मी तर तिकडं हात धूत होतो." तो हसला. "बघा, बघा. माझ्या कॅमेऱ्यात माणसं उलटी दिसतात. तुमचा पक्षी तरी सुलटा दिसतोय ना?"

तो श्रीकांत. बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. आईवडील गेलेले, बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी, आणि स्टुडिओच्या माडीवर हा एकटा. कुसुम सरकारी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. दोन वर्षांपूर्वी अकोल्याहून इथं बुऱ्हाणपुरात आली होती.

"असा स्टँड कुठं मिळेल हो?" तिनं विचारलं.

"हा? आधी उचलून बघा."

तिनं उचलला, आणि दोन पायऱ्यांतच टेकवला. "अगं आई गं! आठ शेर तरी असेल."

"नऊ."

"नको मग. मला हलका हवा. मी एकटीच असते ना."

शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. स्टँडच्या गोष्टीत एकटेपणा कशाला सांगायचा? पण खरं तेच होतं. जमिनीची मोजणी करणारे वडील चार वर्षांपूर्वी गेले, मागे ही दुर्बीण ठेवून. वहिनी म्हणाली, नोकरी लागलीय ना, मग जा की. कुसुम आली. शनवारा वेशीजवळच्या खोलीत ती रोज एका माणसाचं पातेलं चुलीवर ठेवायची, एका माणसाचं ताट धुवायची. आठवडाभर शाळेत पोरींचा चिवचिवाट असायचा. रविवार मात्र अंगावर यायचा, म्हणून ती नदीवर यायची. आजवर तिला जा म्हणणारे पुष्कळ भेटले होते. आपण नसलो तर कुणाचं काही अडावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच कुठं मिळालं नव्हतं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती स्टुडिओत गेली. मुंबईच्या एजंटानं नमुन्याला ठेवलेला अॅल्युमिनियमचा एक स्टँड त्यानं काढला. काय हलका! कुसुमची कळी खुलली. तिनं दुर्बीण लावली, समोरच्या छपरावरचं कबूतर धरलं, स्क्रू घट्ट आवळला, हात काढला... आणि दुर्बिणीनं हळूच मान खाली घातली.

"डुलकी लागली तिला," श्रीकांत म्हणाला.

"अहो, आवळला होता मी!"

"कितीबी आवळा. हे छोट्या कॅमेऱ्यासाठी आहे. तुमची दुर्बीण लांब, तोंडाकडं भारी." त्यानं स्टँडच्या एका पायाला टिचकी मारली. पाय थरथरला. "आणि हे बघा. इथं दुकानात ही हालत, नदीवरच्या वाऱ्यात काय होईल? बाई, हलका घ्याल तर कापतो, जड घ्याल तर घरीच राहतो. आणि पाय चांगले असून काय, डोकं ठिकाणावर पाहिजे."

"कुणाबद्दल बोलताय?"

"स्टँडबद्दल! तुम्हाला काय वाटलं?"

"मला? काही नाही," ती म्हणाली, आणि कबुतराकडे फार लक्षपूर्वक बघू लागली.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी बनवून देतो. फिकर नको."

आणि माणसानं खरंच मनावर घेतलं! खकनारच्या रानातून भरीव बांबू आणला. कापडाच्या मागांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारागिराकडून पितळेचं डोकं करून घेतलं. दोन वेगळे स्क्रू, एक डावं-उजवं फिरायला, एक खालीवर व्हायला, आणि हातात धरायला वीतभर दांडी. मग दर रविवारी घाटावर त्याची परीक्षा. पहिल्या रविवारी डोकं इतकं घट्ट की फिरवताना हिसके बसायचे आणि पक्षी हातचा जायचा. श्रीकांतनं मेण लावलं. दुसऱ्या रविवारी एक खंड्या खडकावरून उडाला तो थेट पाण्यात सूर मारीपर्यंत कुसुमनं दुर्बिणीत धरून ठेवला, आणि आनंदानं टाळीच वाजवली!

तिसऱ्या रविवारी वारा सुटला. स्टँड डोलू लागला. तशी श्रीकांतनं तिची कापडी पिशवी मागितली, नदीतले चार गोटे तिच्यात भरले आणि पिशवी तिन्ही पायांच्या मधोमध टांगली. स्टँड गप्प उभा राहिला.

"वजन घरून कशाला वाहायचं?" तो म्हणाला. "जिथं जाऊ तिथं दगड असतातच."

"तुम्हाला बरं सुचतं हो."

"रविवारपर्यंत दुसरं काय काम असतं?"

त्यानं हे इतकं सहज म्हटलं, की तिला मान वर करून त्याच्याकडे बघवेना. पिशवीची गाठ सोडताना दोघांची बोटं एकमेकांना लागली.

घरमालकीण धुरपदाबाईंच्या डोळ्यांतून काय सुटतंय! "बाई, पक्षी बघाले फोटोवाला कायले लागस वं?"

"स्टँडसाठी."

"हां... स्टँडसाठी," धुरपदाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

असं सगळं छान चाललेलं असताना ऑक्टोबरात शाळेत एक सरकारी कागद आला. एक नोव्हेंबरपासून राज्यं बदलणार होती. नागपूर, अकोला तिकडं मुंबई राज्यात, बुऱ्हाणपूर इकडं नव्या मध्यप्रदेशात. कालपर्यंत एकाच सरकारचे असलेले नोकर आता वाटले जाणार होते. ज्यानं त्यानं लिहून द्यायचं, तिकडं की इकडं.

कुसुमनं कागद चार दिवस पर्समध्ये ठेवला. रविवारी घाटावर तो श्रीकांतपुढं धरला.

"काय लिहू?"

त्यानं कागद वाचला. दोनदा वाचला. नीट घडी करून परत दिला.

"तिकडं तुमची माणसं आहेत," तो म्हणाला. "तिकडचंच लिहा."

बस्स. एवढंच! कुसुमनं कागद पर्समध्ये कोंबला. ती त्याच्या तोंडून 'जाऊ नका' म्हणवून घ्यायला आली होती, आणि हा माणूस स्टेशनवरच्या हमालासारखा सामान डब्यात चढवून मोकळा! त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला नाही. कागदावर 'मुंबई राज्य' लिहिलं, शुक्रवारी तो मुख्याध्यापिका गोदाबाईंच्या टेबलावर ठेवला, आणि सोमवारच्या टपालानं सगळे कागद खंडव्याच्या कचेरीत जाणार हे ऐकून घेतलं. मन मात्र घट्ट होईना. अकोल्याला तिची वाट कोण बघत होतं? वहिनी?

पुढच्या रविवारी ती जाणारच नव्हती. गेली. माणसाचं मन म्हणजे अशा वेळी शुद्ध गाढव असतं.

श्रीकांत तिच्या आधीच आला होता. स्टँड पुरा झाला होता. बांबूला तेल दिलेलं, पितळ घासून लख्ख. प्रत्येक पायाचे दोन तुकडे, एकात एक सरकणारे, आणि खाचेत खुंटी बसवली की पाय पक्का.

"तीन शेरसुद्धा भरत नाही," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "भुसावळला गाडी बदलताना त्रास नको."

तिनं स्टँड ओढून घेतला. पाय उघडले, दुर्बीण बसवली. ना वाकावं लागलं, ना टाचा उंच कराव्या लागल्या. नेमका तिच्या डोळ्याच्या उंचीवर!

"माप कधी घेतलंत?"

"फोटोवाला आहे मी. नजरेनं माप घेतो."

तेवढ्यात तिचं बोट पायावरून फिरता फिरता अडखळलं. वर, आणखी चार बोटांवर दुसरी खाच होती. तिनं बाकीचे दोन पाय चाचपले. तिथंही होती.

"ही कशाला?"

"ही? ही... असंच. तिकडं कोणी असेल ना तुमच्यासोबत बघायला. कोणी उंच."

"कोण?"

"कोणीबी. भाऊ."

"माझा भाऊ माझ्याहून बुटका आहे."

"मग..." तो अडकला. "मग होईल कोणी. लग्न तर कराल ना कधी."

कुसुमनं एकेक करून तिन्ही खुंट्या वरच्या खाचेत बसवल्या, स्टँड चार बोटं उंच झाला, आणि पोरींना फळ्याजवळ बोलवावं तशा आवाजात म्हणाली, "इकडं या. उभे राहा. डोळा लावा."

तो आला. मान रेसभरही वाकवावी लागली नाही त्याला. चोर रंगेहाथ पकडला गेला होता, आणि चोराला ते कळलं होतं. म्हणून त्यानं दुर्बिणीवरून डोळा काढलाच नाही.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"पाणी."

"आणि?"

"सुरखाब आलेत, तुमचे चक्रवाक. दोन. त्या रेतीवर." मग दुर्बिणीलाच सांगावं तसं तो म्हणाला, "तुम्ही जाऊ नका."

कुसुमच्या डोळ्यांपुढं नदी, रेती, सगळं विरघळलं. किती साधं वाक्य! हे कुणाच्या तोंडून ऐकायला वयाची सव्वीस वर्षं जावी लागली?

"मग त्या दिवशी तोंडात काय गुळणी धरली होती?" ती रडता रडता भांडायलाच उठली. "तिकडचंच लिहा म्हणे!"

"अहो, तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, मी एकटीच असते, मला हलका पाहिजे. मला वाटलं, तुम्हाला तसंच आवडतं. आणि तुम्ही इतक्या शिकलेल्या. मी लोकांचे फोटो काढणारा."

"मी काय जगावेगळी आहे? मला काय सुरखाबचे पंख लागलेत?"

"लागलेत," तो म्हणाला, आणि आता कुठं त्यानं डोळा दुर्बिणीवरून काढून तिच्याकडे बघितलं. डोळा लाल झाला होता. दुर्बिणीमुळं, असं तो नंतर सांगायचा!

सोमवारी शाळेची घंटा व्हायच्या आत कुसुम गोदाबाईंच्या खोलीत हजर.

"मोठ्या बाई, माझा कागद बदलायचाय. मी इथंच राहणार."

"हा काय पोरखेळ मांडलाय?" गोदाबाईंनी कागद शोधून तिच्यापुढं टाकला. "आधीचं खोडायचं तर खाली कारण लिहावं लागतं. आणि हवा मानवते, पाणी मानवतं असलं काही लिहू नकोस. साहेब परत पाठवतात."

कुसुमनं टाक घेतला, क्षणभर थांबली, आणि एकच शब्द लिहिला. गोदाबाईंनी चष्मा सारखा करून तो वाचला.

"लग्न? अगं, कुणाशी? कधी ठरलं?"

"ठरायचंय अजून. त्यांना सांगायलाच चाललेय. अर्ध्या तासाची रजा द्याल?"

गोदाबाईंनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "तास घे," त्या म्हणाल्या.

स्टुडिओत बहादरपूरचे नवराबायको भिकन आणि मालूबाई फोटोसाठी ताठ बसले होते. श्रीकांत काळ्या कापडात डोकं घालून कॅमेऱ्यामागे. कुसुमला दम लागला होता. ती त्या कापडालाच म्हणाली,

"मी इथलं लिहून आले."

कापड हललं.

"कारण विचारलं त्यांनी. मी लग्न असं लिहिलंय." "तुम्हाला विचारायचं राहिलं. पण सरकारी कागद आहे... खोटा ठरला तर माझी नोकरी जाईल."

मालूबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. भिकन तसाच ताठ, श्वास रोखून.

श्रीकांत कापडाबाहेर आला. केस विस्कटलेले, चेहरा पार भिजलेला.

"तारीख बी लिहायची होती का?"

"होती. ती जागा कोरी सोडलीय."

"बरं केलं," तो म्हणाला आणि तिला बसायला खुर्ची पुढं केली. "ते एकटीनं लिहायचं नसतं."