आईच्या खोलीतला दुसरा राउटर

नवा राउटर घेतला तो माझ्या शिकवण्यांसाठी. मी वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून ऑनलाइन गणित शिकवते. अपूर्णांकांचा भागाकार ऐन रंगात आला की पडद्यावरची मुलं तोंड उघडं ठेवून गोठायची, आणि पुन्हा हलायला लागली की सगळी एका सुरात म्हणायची, "टीचर, परत सांगा." डोक्याला नुसता ताप. शेवटी एका दुपारी वायफायवाल्याला बोलावलं. त्याने जुना राउटर काढला, नवा लावला आणि हात झटकून म्हणाला, "आता बघा ताई, पळेल नुसतं."

पळालं खरं, पण खाली आईची बेल बंद पडली.

ही बेल म्हणजे काय, ते आधी सांगते. झटका आल्यापासून आई अंथरुणाला खिळलेली. बोलणं गेलं, कूस बदलायलासुद्धा माझे दोन्ही हात लागतात. हलतो तो एक डावा अंगठा. त्या अंगठ्याखाली एक पांढरं बटण असतं. ते दाबलं की वायफायवरून माझ्या खोलीत बेल वाजते. बाजारातली बटणं तिला दाबवत नाहीत, फार कडक असतात. अप्पा, म्हणजे माझे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी या बटणाची स्प्रिंग काढून घड्याळातली नाजूक स्प्रिंग बसवली होती. गेल्या थंडीत आईच्या घशात कफ अडकला, तेव्हा ही बेल वाजली म्हणून मी धावत खाली आले. नाहीतर त्या दिवशीच सगळं संपलं असतं.

वायफायवाल्याने बरीच खटपट केली आणि मान हलवली. "ताई, ही बेल नव्याला ओळखतच नाही. जुन्या काळची आहे ती."

"मग करून द्या ना ओळख. पैसे कशाचे घेता?"

"तसं नसतं हो. नवा जे बोलतो ते हिला कळतच नाही." त्याने पिशवीत भरलेला जुना राउटर परत बाहेर काढला. "असं करू, हा दुसरा म्हणून राहू दे. नव्याला जोडतो आणि आईंच्या खोलीतच ठेवतो. नाव-पासवर्ड जुनंच ठेवायचं, म्हणजे जुन्या वस्तू आपल्या आपण शोधत येतात. कुणाला काही सांगावं लागत नाही."

राउटर खिडकीत बसला. बेल वाजली. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला दोनदा चहा दिला. जाता जाता तो म्हणाला, अजून काही जुनं असेल तर आणा, तेही तपासून देतो. मी कपाटातून एक छोटा दिवा काढून दिला.

तो दिवाही अप्पांचाच उद्योग. आई बोलू शकत नव्हती, 'कुठपर्यंत आलात' म्हणून फोन करू शकत नव्हती. संध्याकाळी दुकान बंद करून ते फाटकापाशी पोहोचले, की त्यांचा फोन घरचं वायफाय पकडायचा आणि आईच्या उशाशी हा दिवा आपोआप लागायचा. आईचा चेहरा असा काही फुलायचा की मला हेवा वाटायचा. मग एका संध्याकाळी अप्पा रस्त्याच्या वळणावरच कोसळले आणि गेले. दिवा लागला नाही. त्यानंतर आई रोज त्या विझलेल्या दिव्याकडे टक लावून बघत राहायची. ते मला बघवेना, म्हणून मी तो काढून ठेवला होता. आता वाटलं, बरेच दिवस झाले, असू दे उशाशी उजेडाला.

त्या संध्याकाळी मावशी, म्हणजे दिवसभर आईचं करणाऱ्या बाई, नेहमीप्रमाणे गेल्या. मी आईला सूप भरवत होते. बाहेर अंधारत होतं. दूर कुणीतरी दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

आणि उशाशी दिवा लागला.

चमच्यातलं सूप माझ्याच मांडीवर सांडलं. आई दिव्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

मी स्वतःला बजावलं की जुनी वस्तू आहे, काहीतरी चुकलं असणार. तरी लॅपटॉप आणून राउटरचं पान उघडलं. कोण कोण जोडलेलं आहे ते त्यात दिसतं. बेल होती, दिवा होता. त्यांच्या खाली 'अप्पा'. पुढे सिग्नलची एकच बारीक रेघ. फाटकाजवळून येते तेवढीच.

मी वर जाऊन कपाट उघडलं. अप्पांचा फोन चष्म्याशेजारी होता तिथेच होता, काच फुटलेला, बॅटरी फुगून पाठ उघडी पडलेली. मी तो हातात घेतला. थंडगार होता.

दुसऱ्या दिवशी, त्याच सुमाराला, पुन्हा दिवा. या वेळी दोन रेघा. मी आपला फोन घेऊन अंगणात फिरले, दोन रेघा कुठे दिसतात ते बघितलं. पायरीपाशी. तिथे चपला काढायची जागा आहे. कुणीही नव्हतं, पण घड्याळं पुसायच्या तेलाचा वास होता, अप्पांच्या बोटांना कायम यायचा तो. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर आनंदच झाला. म्हटलं, जुना राउटर तर इतके दिवस चालूच होता, काढून ठेवला होता तो फक्त दिवा... म्हणजे हे रोज असेच येत होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता?

पण मग आईने खाणं सोडलं.

"सकाळपासून तोंड मिटून आहे," मावशी म्हणाल्या. "सारखी दाराकडे बघते. आणि एक सांगू का, रागावू नका... पूर्वी तुम्ही आत आलात की डोळे हलायचे तिचे. आता तुमच्याकडे बघतसुद्धा नाही."

"थकली असेल."

"थकल्यासारखी नाही वाटत हो. निघायची घाई असल्यासारखी वाटते."

त्या संध्याकाळी मी दिव्याची पिनच काढली. दिवा लागला नाही, पण पानावर 'अप्पा' आलेच. रेघा तीन. तीन रेघा ओसरीवर दिसतात, आईच्या खोलीच्या दारापाशी. राउटर बंद करावा तर बेल जाते, आणि आईचा घास कधी घशात अडकेल याचा नेम नाही. रात्रभर जागायचं आणि दिवसा शिकवायचं असं किती दिवस करणार? वायफायवाल्याला फोन लावला. खरं काय ते कसं सांगणार? म्हटलं, कुणीतरी नको असलेलं जोडलं जातंय.

"मग पासवर्ड बदला की," तो म्हणाला. "बेलला नवा घालून द्या. ज्याला तुम्ही सांगाल तोच आत येईल. नाहीतर बसेल बाहेर."

नको असलेलं. अप्पांना मी हे असं म्हटलं. मला अप्पा हवे होते, कुणाला नको असतात? पण आई मला जास्त हवी होती. माझं म्हणून आता तीच एक उरली होती.

दुपारी आईच्या पलंगावरच बसून मी काम उरकलं. माझी खोड अशी की फळ्यावर लिहिताना बोलत बोलत लिहायचं, आणि टाइप करतानाही तेच. नवा पासवर्ड मी पुटपुटतच भरला, मग बेलसाठी पुन्हा एकदा. "क्यू... सात... एम... एम... दोन... के... नऊ... टी." आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंगठा बटणावर पडत राहिला आणि वर माझ्या खोलीत बेल वाजत राहिली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आई, नको ना गं. मी आहे ना." तिने डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मी दिव्यालाही नवा पासवर्ड घालून तो मुद्दाम परत लावला, मला खात्री करायची होती. अंधार पडला. शटर ओढल्याचा आवाज आला. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. बेल होती, दिवा होता, बाकी काही नव्हतं. दिवा विझलेलाच राहिला. फाटकाची कडी एकदा वाजली, थोड्या वेळाने पुन्हा वाजली, आणि थांबली. मग कुणी परत गेल्याची चाहूल मात्र आली नाही.

तरी मी सुटकेचा श्वास टाकला आणि सूप गरम करायला स्वयंपाकघरात गेले. आज खाईल ती, मी मनात म्हणत होते. आज भरवीनच.

भांडं गॅसवर ठेवलं आणि आईच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. हळू, खरखरीत. वाटलं, मावशी काहीतरी विसरल्या म्हणून परत आल्या असतील. मी गॅस बारीक केला आणि दारापर्यंत गेले. मावशी नव्हत्या.

आई बोलत होती. झटक्यापासून जिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता ती माझी आई, खिडकीतल्या राउटरकडे तोंड करून, थांबत थांबत, लहान मुलाला शिकवावं तशी...

"एम... एम... दोन..."

"आई!"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "के... नऊ..."

मी राउटरकडे धावायला हवं होतं. पण पाय उंबऱ्यावर खिळले. तेलाचा वास माझ्या मागून येत होता, अगदी खांद्याजवळून.

"टी," आई म्हणाली.

उशाशी दिवा लागला. माझ्या अंगाला काहीतरी हलकंच घासून आत गेलं, दारात कुणी उभं असलं की आपण वाट काढतो तसं. आणि आई, जिला कूस बदलायला माझे दोन्ही हात लागतात, ती आपली आपण भिंतीकडे सरकली आणि तिने पलंगावर एका माणसापुरती जागा केली.