सकाळी नऊचा तमिळ शो

हिरोची एन्ट्री झाली आणि मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. कल्याणचं मल्टिप्लेक्स, शुक्रवार, सकाळी नऊचा तमिळ शो, माणसं मोजून अकरा. अकरा जणांत आपल्या एकटीचीच शिट्टी वाजली की कसं वाटतं, ते मारणाऱ्यालाच कळतं. मी खुर्चीत खाली सरकले. तेवढ्यात मागून एक शिट्टी आली... माझ्याहून लांब, माझ्याहून बेशरम.

इंटरव्हलला तो पॉपकॉर्नच्या रांगेत भेटला. सर्वेश, राहणार विठ्ठलवाडी, दोन वर्षं कोइम्बतूरला पंपांच्या कारखान्यात नोकरी करून परत आलेला.

"शिट्टी तुमची होती?" त्यानं विचारलं.

"का? मुलींनी मारायची नाही?"

"मारा की. मी फक्त साथ दिली."

सेकंड हाफनं मात्र माती खाल्ली. हिरोचा बाप गोळ्या लागून पडतो आणि पोराच्या मांडीवर डोकं ठेवून चक्क सात मिनिटं बोलतो. पुढे पाऊण तास नुसत्या बंदुका. बाहेर आल्या आल्या मी सर्वेशशी भांडले.

"फायटी एक नंबर होत्या ना," तो म्हणाला.

"आणि तो बाप? मरताना कोण एवढं बोलतं?"

"तोच तर बेस्ट सीन आहे. दुसऱ्यांदा बघा, पटेल."

रविवारी परत बघितला, नाही पटलं. फायटी आवडल्या. हिरोची मान तिरकी करून बघायची ढब तर जीव घेते. पण बापाचा सीन आला की माझ्या अंगाचा तिळपापड. या वेळी सर्वेश शेजारी होता. समोसा मोडून मोठा तुकडा त्यानं माझ्याकडे सरकवला, आणि अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं कळलंच नाही. दुपारी कोपरला येऊन घराचं कुलूप काढलं आणि तशीच पलंगावर आडवी झाले. एका माणसाचा कुकर लावायचा मला भयंकर कंटाळा येतो.

गुरुवारी सिनेमाचा शेवटचा शो, तोही सकाळी नऊचाच. ऑफिसला हाफ डे टाकून गेले. सर्वेश आलेलाच होता. दारावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोघंच आहात. शो कॅन्सल."

आम्ही जिन्यावर बसलो. सर्वेश तिकिटाच्या घड्या घालत बसला. मी मनात म्हटलं, कल्पिता, आता सिनेमा नाही, बहाणा नाही. आज गप्प बसलीस तर हा विठ्ठलवाडीला, तू कोपरला, विषय संपला.

"हा सिनेमा पप्पा आणि मी बघणार होतो," मी म्हणाले. "ट्रेलर आला तेव्हापासून ठरलेलं. मार्चमध्ये ते गेले. चहाचा कप हातात होता... एक शब्द बोलले नाहीत रे. आणि तो पडद्यावरचा बाप सात मिनिटं बोलतो. मला त्या पोराचा हेवा वाटतो."

बोलता बोलता रडू फुटलं. सर्वेशनं समजूत घातली नाही.

"काय नाव पप्पांचं?"

"देवराम."

"बोलले असते तर काय बोलले असते?"

मी विचार केला. "म्हणाले असते, साखर कमी पडलीय."

रडता रडता मला हसू आलं, तोही हसला. आणि त्या हसण्याच्या भरात मी बोलून टाकलं, "मी सिनेमासाठी नाही येत, सर्वेश. तू शेजारी बसतोस म्हणून येते. आवडतोस तू मला."

त्याचे कान लाल झाले. "मला सिनेमा खरंच आवडलेला," तो हळूच म्हणाला. "पण आज घरून निघताना... डोक्यात तूच होतीस."

मग एक पायरी खाली सरकून तो माझ्याकडे तोंड करून बसला. "अजून सांग ना पप्पांचं."

इतके महिने मी त्यांच्याबद्दल कुणाशी बोललेच नव्हते. मी सांगत सुटले. बाराच्या शोची माणसं आमच्या बाजूनं वाट काढत वर गेली, तरी माझं संपलं नव्हतं.