निळी ओळ

टायपिंगच्या मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, डोळे कागदावर, बोटं बटणांवर, आणि स्क्रीनकडे बघायचं ते पान संपल्यावर. ती सवय तिच्या अंगी इतकी मुरली होती की घरं भाड्यानं देणाऱ्या त्या ऑफिसात ती तीन महिन्यांच्या बोलीवर लागली, तेव्हा तिच्या कामाला नावं ठेवणारं कुणी निघालं नाही. एक नणंद सोडून.

नणंद त्याच ऑफिसात वीस वर्षं होती आणि टायपिंगच्या खोलीचा सगळा कारभार तिच्या हाती होता. नवरा गेल्यापासून ही आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, ठकीला, घेऊन नणंदेच्याच घरी राहत होती. घर चार खोल्यांचं. एकट्या बाईनं एवढं मोठं घर कशाला घेतलं, हे नणंदेला स्वतःलाही धड सांगता यायचं नाही. खोल्या चार असल्या तरी ठकीला मोठ्यानं हसायची सोय नव्हती. पेला खाली ठेवताना वाजला तरी नणंदेच्या कपाळाला आठी. तीन महिने धड निभावले की नोकरी कायम होणार होती, आणि ऑफिसच्याच यादीतल्या दोन खोल्या मायलेकींना मिळणार होत्या. त्या दोन खोल्यांवर तिचा जीव अडकला होता.

काम तसं सोपं. तपासनीस रिकाम्या घरांतून फिरायचा आणि खोलीखोलीतलं सामान हातानं लिहून आणायचा. पंखा एक, आरसा एक, कड्या चार. तिनं ते टाइप करायचं आणि खाली भाडेकरूनं सही करायची.

मशीन तिला नणंदेचं जुनं मिळालं.

"सेटिंगला हात लावायचा नाही," नणंदेनं सांगितलं. "दोनदा क्लिक केलं की शब्द निळा होतो, तीनदा केलं की अख्खी ओळ. निळं असताना कुठलंही अक्षर दाबलंस की निळं गेलं, आणि ते अक्षर त्याच्या जागी बसलं. सगळीकडे असंच असतं. फक्त निळं सोडून उठायचं नाही."

"आणि चुकून काही गेलं तर?"

"चुकायचंच नाही."

"तुम्ही हे मशीन का सोडलंत, वन्सं?"

"त्यावर दिवसभर बसले की घरी गेल्यावर काहीतरी विसरून आल्यासारखं वाटायचं." मग एकदम उखडून म्हणाली, "चौकशा पुरे. कामाला लाग."

पहिली चूक दुसऱ्या आठवड्यात झाली. पान संपवून तिनं वर बघितलं, तर न्हाणीघराच्या यादीत 'आरसा एक' नव्हता. टाइप केल्याचं तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे ती ओळ मागच्या मागे निळी झाली होती आणि पुढच्याच अक्षरानं गिळली गेली होती. माऊसला तर तिनं सकाळपासून हातही लावला नव्हता. वायर ढिली असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. पण पान संपलं की त्याची प्रत आपोआप नणंदेकडे जायची, तशी तीही गेली होती. नणंदेनं पाहण्याआधी निस्तरावं म्हणून ती तपासनिसाकडे गेली.

तपासनीस लठ्ठ आणि हसरा माणूस होता. आपलाच कागद तो बराच वेळ निरखत राहिला.

"अक्षर माझंच आहे," तो म्हणाला. "पण आरसा नव्हता हो तिथे."

"मग लिहिलात कशाला?"

"आमची बायको म्हणते ते खोटं नाही. डोकं घरी खुंटीला टांगून बाहेर पडतो मी."

दुपारी तो मुद्दाम त्या घरी जाऊन आला. भिंत कोरी होती, खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. हे सांगताना तो हसला नाही.

पुढच्या आठवड्यात एका खोलीची 'खिडक्या दोन' ही ओळ गेली. तिच्याकडच्या कागदावर खिडक्या होत्या. तपासनीस म्हणाला की त्या खोलीला खिडकी नाही, कधी नव्हतीच, आणि अशी बिनखिडकीची खोली कुणी बांधली असेल याचं त्यालाच नवल वाटतंय.

तिचा संशय अर्थातच नणंदेवर होता. तिनं माऊसची वायर उपटली आणि माऊस खणात टाकून खणाला कुलूप घातलं. मग मास्तरांचा नियम मोडून, डोळे स्क्रीनवर रोखून, एक ओळ टाइप केली आणि हात उचलून घेतले.

ओळ शेवटाकडून निळी होऊ लागली. हळूहळू, एकेक अक्षर, कुणी त्यावरून बोट फिरवत असावं तशी. पहिल्या अक्षरापर्यंत निळं पोचलं आणि तिथेच थांबून राहिलं.

समोर नणंद कागदांत डोकं घालून बसली होती. तिचे दोन्ही हात दिसत होते.

बाणाचं बटण दाबलं की निळं सुटतं आणि मजकूर वाचतो, एवढं तिला ठाऊक होतं. त्या दिवसापासून प्रत्येक ओळ झाली की वर बघायचं, बाण दाबायचा, मग पुढची ओळ, असं तिनं सुरू केलं. चुका थांबल्या. पण कामाची गती पार बसली.

"शिकाऊ पोरींसारखी स्क्रीन काय न्याहाळतेस?" नणंद सगळ्यांसमोर म्हणायची. "अशानं कायम होशील होय? बघतेच मी."

ती दात-ओठ खाऊन पुढची ओळ टाइप करायची. संध्याकाळी ठकी फाटकाशी वाट बघत असायची. तिला उचलून घेतलं की दिवसभराचा संताप उतरायचा.

तीन महिने पुरे झाले आणि मोठ्या साहेबांनी तिला कायम केलं. त्याच दुपारी तिनं आपला स्वतःचा भाड्याचा अर्ज टाइप करायला घेतला. हव्या असलेल्या खोल्या दोन. राहणाऱ्या व्यक्ती, पहिली ती स्वतः. दुसऱ्या ओळीत तिनं ठकीचं पूर्ण नाव घातलं, पुढे मुलगी, वय आठ, इयत्ता तिसरी.

ओळ निळी झाली. या वेळी हळूहळू नाही, एका दमात.

तिनं बाण दाबला. निळं सुटलं नाही.

पुन्हा दाबला. चारही बाण दाबले. निळं तसंच. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. उठून प्लग काढावा असं मनात आलं, पण उठायचं धाडस होईना.

"वन्सं," ती कशीबशी म्हणाली. "जरा येता?"

नणंद आली. तिच्या खांद्यावरून वाकली.

"हात नका लावू. पाया पडते."

"वीस वर्षं वापरलंय मी हे."

"वन्सं, त्या ओळीत ठकी आहे!"

नणंद अर्ज वाचत होती. 'खोल्या दोन' वर तिची नजर अडली आणि चेहरा ताठला.

"म्हणजे ठरवलंच तर. मला न विचारता. माझ्या भावाची पोर घेऊन चाललीस?"

आणि तिनं एका बोटानं स्पेस दाबली.

ओळ गेली.

नणंदेचा हात बाजूला सारून तिनं, झालेलं मागं घ्यायला, कंट्रोल-झेड दाबलं. तिच्या स्वतःच्या ओळीतला शेवटचा शब्द गेला. पुन्हा दाबलं. अख्खी ओळ गेली, मग मथळा, मग पान कोरं झालं. मग तिनं सगळं पुन्हा उलट फिरवलं. सगळं परत आलं.

तेवढी एक ओळ आली नाही.

ती ओरडणार होती. हाक अगदी ओठांवर होती, रोजच्या सवयीची, दोन अक्षरांची.

तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

दोघी स्क्रीनकडे बघत होत्या.

"रडतेस कशाला?" नणंदेनं विचारलं.

तिनं गालाला हात लावला. गाल ओला होता.

"काय माहीत," ती म्हणाली.

नणंदेनं अर्ज पुन्हा एकदा वाचला. आता तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"एकटीला दोन खोल्या कशाला गं लागतात?"

ती विचार करू लागली. बराच वेळ केला.

मग तिनं शिफ्ट धरून बाणानं 'दोन' हा शब्द निळा केला, आणि त्यावर 'एक' टाइप केलं.