हनुवटीचा इशारा

तो पहिल्यांदा आमच्या लाँड्रीत आला, तेव्हा मी काउंटरवर दोन हँगर बडवत होते. मामा मागे वाफेच्या इस्त्रीशी झटत होता, गिऱ्हाईक कोणी नव्हतं, आणि रिकामे हात मला मुळीच सहन होत नाहीत. डोळे मिटून मी अगदी रंगात आले होते... तेवढ्यात माझ्या ठेक्यावर कोणीतरी गुणगुणायला लागलं.

डोळे उघडले, तर समोर कॉफी सांडलेला शर्ट घेऊन एक मुलगा उभा.

"थांबलीस का?"

"ओळख ना पाळख, एकदम 'थांबलीस'?"

"मी गातो. तू वाजवतेस. झाली की ओळख!"

"मी कपडे धुते."

"बरं, मग हा डाग निघेल का?"

"डाग निघेल. तू कधी निघणार?"

तो हसला, पण निघाला मात्र नाही. काउंटरला टेकून गप्पा मारत बसला आणि पुढच्याच आठवड्यात मी त्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवायला लागले.

आम्ही चौघं. उंचच उंच गिटारवाला म्हणजे जिराफ. बेस वाजवणारा काका, वयाने आमच्याएवढाच, पण सदा काळजीत. गाणाऱ्याचं नाव भोंगा. आणि मी अर्थातच इस्त्री. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, धुवायच्या चादरींच्या ढिगाऱ्यात आमची तालीम चालायची. मामा अधूनमधून डोकावून म्हणायचा, "वाजवा, वाजवा. मशीनचा आवाज तरी ऐकू येत नाही."

भोंग्याचा आवाज असा, की अंगावर काटा यावा. खोट एकच होती. त्याला मोजता यायचं नाही. गाणं नेमकं कधी उचलायचं, ते त्याला कळायचंच नाही. मग आमची एक पद्धत पडून गेली. गाणं सुरू होताना तो प्रेक्षकांकडे पाठ करून माझ्याकडे बघायचा, मी हनुवटी जराशी वर केली की बरोबर सूर लावायचा. लोकांना वाटायचं, काय ही स्टाईल!

आणि मला? प्रत्येक गाण्याआधी ते डोळे माझ्यावर खिळायचे. कामापुरतेच – हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मन कुठे ऐकतं! हनुवटी उचलायला मी मुद्दाम थोडा उशीर करायचे.

मग एका रेकॉर्ड कंपनीच्या बाईंनी आम्हाला ऐकलं आणि स्टुडिओत बोलावलं. तिथे ड्रमची खोली वेगळी निघाली, मध्ये जाड भिंत. भोंग्याच्या कानात हेडफोनमधून माझा ठेका होता, पण समोर मी नव्हते. भोंगा चुकला. पुन्हा चुकला. मग चुकतच राहिला.

"आवाज छान आहे," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण सुरुवातच जमत नसेल तर कसं व्हायचं? पुढच्या आठवड्यात एकदा बघू. तेव्हाही नाही जमलं, तर मी दुसरा बँड घेईन."

बाहेर आलो, तेव्हा काकाचा चेहरा पडला होता. त्याने या बँडपायी चांगली नोकरी सोडली होती. जिराफ घरच्यांशी भांडून आला होता. दोघांनी भोंग्याला एका शब्दाने दुखवलं नाही, आणि त्यामुळेच तो जास्त खचला.

"इस्त्री, तुझा फोटो लावू का समोर?" त्याने विचारलं.

"फोटोची हनुवटी हलते का, वेड्या?"

उपाय मला माहीत होता. त्याला मोजायला शिकवायचं. पण एकदा शिकला, की माझ्याकडे बघायची गरजच संपली... मला रडू आलं. मग काकाचा पडलेला चेहरा आठवला, डोळे पुसले आणि भोंग्याला काउंटरच्या आत बोलावलं.

"इस्त्री करताना मी मोजते, तसं मोज. कॉलर, बाही, बाही, पाठ. पाठ झाली की गा."

रोज दुपारी मी शर्टावर इस्त्री फिरवायचे आणि तो गायचा. कधी बाहीतच सुरू व्हायचा, कधी पाठ होऊन गेली तरी माझ्याकडे बघत नुसताच उभा. गरम कापडाचा वास, त्याचं ते पुटपुटणं... आठवडा कसा सरला, कळलंच नाही.

स्टुडिओत त्याला पहिल्याच फटक्यात जमलं. जिराफने त्याला उचलून घेतलं. काका चक्क हसला! गाणं दुकानादुकानांत वाजायला लागलं, आणि एका संध्याकाळी आम्ही माणसांनी फुललेल्या मोठ्या मैदानात, गर्दीसमोर उभे राहिलो.

तो कार्यक्रमभर गर्दीकडे तोंड करून गायला. एकदाही वळला नाही. सगळं मैदान नाचत होतं आणि मी त्याची पाठ बघत वाजवत होते. आमचं स्वप्न पुरं झालं होतं आणि मी प्रत्येक गाण्याआधी सवयीने हनुवटी उचलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लाँड्रीत हजर. हातात शर्ट.

"डाग कुठाय?" मी रुक्षपणे विचारलं.

"नाहीये."

"मग काय काम?"

त्याने शर्ट काउंटरवर ठेवून नीट घडी घातली. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. "काल एकदाही वळला नाहीस!"

"वळलो असतो तर गाणं बुडालं असतं."

"का? आता येतं ना मोजता?"

"येतं. पण तू दिसलीस की कॉलरनंतर काय, तेच आठवत नाही."

"आधी नाही व्हायचं ते असं?"

"आधी मी फक्त हनुवटी बघायचो." त्याने शर्टाची घडी उगाचच मोडली. "तू शिकवायला लागलीस... तेव्हा बाकीची तूही दिसलीस."

मागची इस्त्री थांबली. मामाचे कान नक्कीच इकडे होते.

"एक सांगायचंय," भोंगा म्हणाला. मैदान गाजवणारा त्याचा आवाज पार बसला होता. "वाटेत दहादा मोजून बघितलं. कॉलर, बाही, बाही, पाठ – आणि पुढे घशातच अडकतं. सुरुवातच होत नाहीये गं."

आणि तो माझ्याकडे बघत उभा राहिला. अगदी पूर्वीसारखा.

मी हनुवटी उचलली. या वेळी अजिबात उशीर केला नाही.

"मला तू आवडतेस," तो एका दमात म्हणाला.

मागून मामा खोकला. माझी कानशिलं तापली, हातातला हँगर खाली पडला.

"घाई केलीस," मी कसंबसं म्हटलं. "पहिल्यापासून घे."

आणि मी पुन्हा हनुवटी उचलली.