जयमालाच्या नावानं

डोणगाव शिवारातल्या बोंडअळीच्या तक्रारी एकामागून एक मागे घेतल्या गेल्या, आणि प्रत्येकीखाली नाव होतं जयमालाचं. शेतोशेत फिरून, बोंडं फोडून ज्या कृषी सहायकबाईनं त्या ॲपवर नोंदवल्या, तिचंच.

बुलढाण्याहून चौकशीला आलेली संगणक तपासनीस अंजुम तिला भेटली, तेव्हा जयमाला रडत नव्हती. नोकरी जायची वेळ आली होती. बाईनं हात ओले करून घेतले, असं गाव धरून चाललं होतं. ती नुसती बसून होती, लाकडासारखी.

"पासवर्ड कोणाले माहीत व्हता?"

"वामनराव सायबांले."

वामनराव तालुक्याचे अधिकारी. तक्रारी घटल्या तर त्यांच्याच डोक्याचा ताप कमी. पण पहिली तक्रार मागे घेतली गेल्याबरोबर जयमालानं पासवर्ड बदलला होता. नवा कोणालाच सांगितला नाही, फोनही हातातून सोडला नाही. तरी तक्रारी मागे घेतल्या जातच राहिल्या.

"पंचनामे छापता कुठं?"

"गोकुळकडं, माह्या भावाकडं. ॲपमधून त्याले लिंक धाडते. तो उघडून छापते."

"अन् पासवर्ड?"

"त्याची गरजच नाही पडत."

गोकुळचं झेरॉक्सचं दुकान बसस्टँडला लागून. त्यानं अंजुमसाठी चहा सांगितला. ताई गाय आहे, सायबाचंच काम असंन, असं दोनदा म्हणाला. प्रिंटरमागच्या खोक्यात कपाशीच्या बियाण्याची पाकिटं होती. झेरॉक्सच्या दुकानात बियाणं कशाला, हे अंजुमनं तेव्हा विचारलं नाही. बाहेर येऊन तिनं जयमालाला तशीच एक लिंक आपल्या फोनवर पाठवायला सांगितली. उघडली. पडद्यावर अक्षरं आली : नमस्कार, जयमाला.

दुसऱ्या दिवशी तिनं तिघांना वामनरावांच्या खोलीत बसवलं.

"शेगावले देवळाबाहेर चपला ठेवल्या का बिल्ला भेटते. तिथं तोंड कोणी पाहत नाही. बिल्ला ज्याच्या हाती, चपला त्याच्या. ह्या लिंकमधीबी तसाच बिल्ला हाय, टोकन म्हणतात त्याले. जो उघडंन तो जयमाला. पासवर्ड बदलला, पण वाटलेला बिल्ला कोणी रद्द केला नाही."

"म्हणजे मी सुटलो म्हणा," वामनराव म्हणाले.

"ह्यातून सुटले. दुसऱ्याचा पासवर्ड ठेवला, ते लिहीनच मी." ती गोकुळकडे वळली. "दर लिंकचं टोकन वेगळं. तक्रारी मागं घेणारं टोकन एकाच लिंकमधलं हाय, अन् ताईनं ते एकालेच धाडलं. गोकुळभाऊ, अळी लागली ते बियाणं तुमीच विकलं ना? बोगस, बिनापावतीचं?"

गोकुळनं कबूल केलं. ताईनं तक्रारींना पाकिटांचे फोटो जोडले होते. आज ना उद्या लोक माह्यापर्यंत आले असते, म्हणाला.

"मंग माह्या नावानं काऊन?" जयमालानं विचारलं. आवाज चढला नाही.

"तुले कोण काय म्हणंन, असं वाटलं. तू सरकारी."

अंजुमनं सगळी टोकनं रद्द केली, तक्रारी परत चालू केल्या. एक रकाना मात्र रिकामा होता, बियाणं विकणाऱ्याचा. तो शेत तपासणाऱ्या कृषी सहायकानंच भरायचा. नाही भरला तर तक्रारींना अर्थ नव्हता.

जयमालानं नव्यानं पासवर्ड टाकला आणि भावाचं नाव लिहिलं. पुढे वडिलांचं नाव लिहिताना तिला कोणाला विचारावं लागलं नाही.